मंजुरीपत्रावर ‘पगारदार’ लिहिलं होतं!

गृहकर्जाच्या फसवणुकीत माझे १,६९,२०० रुपये गेले. आकडा आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे लाजेपायी कमी करून सांगेन.

मी घरून भाषांतराची कामं करते. सॅलरी स्लिप नाही, फॉर्म १६ नाही. आयकर रिटर्न अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने भरते, म्हणजे जमा रकमेच्या निम्मंच उत्पन्न दाखवते. कर वाचतो, पण कर्ज मागायला गेलं की बँक तेच निम्मं धरते. ४५ लाखांचा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा होता, त्यासाठी ३५ लाख हवे होते. दोन बँकांनी नाही म्हटलं. मग हा एजंट भेटला. “मॅडम, सेल्फ एम्प्लॉइडच्या फायली आपण रोज करतो. येणारं भाडंही इन्कममध्ये धरून घेऊ.” मला नेमकं हेच ऐकायचं होतं.

पुढे तो एकेक करून पैसे मागत गेला. लॉगिन फी ५,९००. लीगल-टेक्निकल ११,८००. मग व्हॉट्सॲपवर बँकेच्या लोगोचं मंजुरीपत्र आलं, त्यापाठोपाठ विम्याचे ३८,५०० आणि शेवटी ‘जीएसटी’चे ६३,०००. जीएसटी लागतो तो फीवर, कर्जाच्या रकमेवर नाही. हे मला माहीत होतं! माझ्या प्रत्येक बिलाच्या वेळी मी जीएसटीचा विचार करते, आणि तरी भरले.

पण खरी चीड येते ती त्या पत्राची. व्यवसायाच्या रकान्यात ‘पगारदार’ छापलेलं होतं. मी! आयुष्यात कधी पगार न घेतलेली बाई. मी त्याला विचारलंही, तर म्हणाला, “सिस्टिममध्ये डिफॉल्ट येतं, डिस्बर्समेंटला, म्हणजे कर्जाचे पैसे देताना, बदलेल.” आणि मी गप्प बसले. खरं सांगू? मनातून बरंच वाटलं. पगारदार म्हटल्यावर कर्ज अडणार नाही, असा हिशोब केला मी. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढते, पण स्वतःच्या पत्रातली चालवून घेतली. तोवर फ्लॅटवाल्याला एक लाख टोकन दिलेलं होतं, मुदत संपत आली होती, त्यामुळे डोकं चालत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने सांगते. त्यातले ५०,००० फ्लॅटवाल्याने ठेवून घेतले. ते करारात होतं, त्याला दोष नाही.

आणि हो, पैसे कोणाच्या खात्यात जातायत ते बघा. माझे चारही हप्ते एका माणसाच्या बचत खात्यात गेले. बँकेची फी बँकेच्याच नावाने जाते.

पत्र घेऊन त्या बँकेच्या शाखेत गेले. “हा आमचा माणूस नाही, पत्रही आमचं नाही.” मग लोगो तुमचा कसा? त्यावर, “तुम्ही पोलिसांत जा.” पोलीस ठाण्यात दीड तास बसवलं आणि सांगितलं, “पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग हा दिवाणी मामला.” दुसऱ्या दिवशी म्हणे हद्द आमची नाही. तिसऱ्या ठिकाणी सायबरचा माणूस रजेवर. प्रत्येक टेबलावर सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि प्रत्येक जण एकच विचारणार: “एवढं शिकलेल्या, आणि कळलं नाही?” नाही कळलं, म्हणून तर आले!

तुम्ही माझ्यासारखे तीन आठवडे लाजत बसू नका. त्याच तासात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, पैसे खात्यातून पुढे सरकले की संपलं. मंजुरीपत्र आलं की एजंटला नाही, थेट शाखेत विचारा. रिटर्न ‘वाढवून’ देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, उद्या खोट्या कागदांवर सही तुमची असेल.

तक्रारीचा क्रमांक मिळालाय. परवा पाहिलं तर ‘अंडर प्रोसेस’. एजंटही शेवटच्या फोनवर हेच म्हणाला होता.