अपेंडिक्सच्या रिपोर्टमध्ये गाठ निघाली: थांबायचं की दुसरं ऑपरेशन?

घोडबंदर रोडवरच्या एका नर्सिंग होममध्ये वहिनींचं अपेंडिक्स काढलं. टाके सुकले, त्या कामावर जायला लागल्या आणि मग बायोप्सीचा रिपोर्ट आला: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ), १.४ सेंमी. घरात दोन तट पडले. तुमच्याही हातात असा रिपोर्ट असेल, तर आधी गाठीचा प्रकार वाचा.

न्यूरोएंडोक्राइन गाठ १ सेंमीपेक्षा लहान आणि कड मोकळी, म्हणजे कापलेल्या कडेवर गाठीच्या पेशी नसलेली असेल, तर झालं तेवढं ऑपरेशन पुरतं. २ सेंमीच्या वर गेली, तर उजवी हेमिकोलेक्टॉमी सुचवतात. त्यात लहान आतड्याचं टोक, मोठ्या आतड्याचा उजवा भाग आणि त्याच्या लिम्फ नोड, म्हणजे लसिका ग्रंथी निघतात. नोडमध्ये काही दडलंय का, ते कळतं, हा फायदा खरा. पण नव्या जोडातून गळती होण्याचा धोका असतो आणि काहींना पुढे वरचेवर पातळ शौचाला होतं.

अडचण १ ते २ सेंमीची. २०२३ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त युरोपातल्या अशा २७८ रुग्णांचा अभ्यास आला. गाठ पूर्ण निघालेली असताना, मोठं ऑपरेशन केलेल्यांचं आयुष्य इतरांपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. त्यामुळे या मापात निव्वळ धास्तीपोटी आतडं कापू नये, असं मला ठामपणे वाटतं. मात्र कडेवर पेशी असतील, ग्रेड, म्हणजे पेशी वाढण्याचा वेग, जास्त असेल किंवा मेसोअपेंडिक्समध्ये (अपेंडिक्सला धरून असलेल्या चरबीच्या पडद्यात) ३ मिमीहून खोल शिरकाव असेल, तर सर्जनशी नीट बोलायलाच हवं.

म्युसिनस, म्हणजे चिकट द्रव भरलेल्या लो ग्रेड गाठीत मापापेक्षा ती फुटली होती का, हे महत्त्वाचं. अखंड निघाली आणि कड मोकळी असेल, तर सहसा थांबता येतं. द्रव पोटात पसरला असेल, तर नुसत्या हेमिकोलेक्टॉमीने तो निघत नाही. पोटाचं अस्तर साफ करून गरम केमो देणारं, म्हणजे हायपेकचं अनुभवी केंद्र गाठावं लागतं. अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे अस्तरातल्या ग्रंथींच्या पेशींचा कर्करोग असेल, गॉब्लेट सेल हा त्याचा प्रकारही त्यातच धरा, तर बहुतेकदा दुसरं ऑपरेशनच योग्य. तिथे चालढकल नको.

कुठलाही निर्णय घेण्याआधी लॅबकडून ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे काप) मागून घ्या, म्हणजे दुसरीकडे पुन्हा तपासून घेता येतात. आम्ही त्या घेऊन स्लो लोकलने परळला, टाटा मेमोरियलला गेलो. दुसऱ्या रिपोर्टमध्येही ग्रेड १, कड मोकळी, शिरकाव १ मिमी. वहिनींनी दुसरं ऑपरेशन केलं नाही.