फुजी की रिंजानी? सोलापूरकरांच्या गटासाठी रात्रीच्या ज्वालामुखी चढाईचा तुलनात्मक आढावा

रात्री चालून पहाटे एखाद्या उंच ज्वालामुखीच्या माथ्यावर पोहोचण्याचा बेत आखणाऱ्या सोलापूरच्या गटाने जपानचा फुजी आणि इंडोनेशियातील लोंबोक बेटावरचा रिंजानी हे दोन पर्याय तपासून पाहावेत. फुजीची उंची 3776 मीटर आणि रिंजानीची 3726 मीटर, म्हणजे फरक अवघ्या 50 मीटरचा. त्यामुळे केवळ उंची पाहून निर्णय घेतला, तर फसगत ठरलेलीच. खरा प्रश्न चढाई कुठून सुरू होते आणि गटातला सर्वांत दमलेला माणूस कुठे थांबू शकतो, हा आहे.

फुजीच्या योशिदा वाटेवर बस थेट सुमारे 2300 मीटरपर्यंत, म्हणजे पाचव्या टप्प्यापर्यंत नेते. उरते ती साधारण 1470 मीटरची चढाई. रिंजानीला सेंबालुन गावाकडून निघाल्यास सुरुवातच सुमारे 1150 मीटरवर होते आणि दोन दिवसांत मिळून अडीच हजार मीटरांहून अधिक चढावे लागते. आतकरवाडीहून सिंहगड म्हणजे ढोबळमानाने 600 मीटर धरले, तर फुजीला अडीच सिंहगड आणि रिंजानीला चारांहून अधिक, असा हिशेब होतो. सोलापूर परिसरात सरावाला डोंगरच नाही, हे लक्षात घेता हा आकडा कागदावर वाटतो त्यापेक्षा जड आहे. निदान दोन महिने जिने चढण्याचा नेम आणि त्यात एखादी कळसूबाई, एवढे झाल्याशिवाय रिंजानीचे नाव काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुक्कामाची तऱ्हाही निराळी आहे. फुजीवर वाटेतल्या झोपड्यांत खांद्याला खांदा लावून काही तास पडायचे, मध्यरात्रीनंतर उठायचे आणि हेडटॉर्चच्या लांबच लांब रांगेत सामील व्हायचे. गर्दीचा तिटकारा असणाऱ्यांनी इथेच विचार बदलावा. झोपडीचे आरक्षण आधी करणे अत्यावश्यक आहे, कारण 2025 पासून आरक्षण नसलेल्यांना दुपारी 2 ते पहाटे 3 या वेळेत वर सोडत नाहीत. सर्व वाटांवर माणशी 4000 येन शुल्कही त्याच वर्षापासून लागू झाले. रिंजानीवर मात्र 2639 मीटरवरच्या विवराच्या कडेला तंबूत मुक्काम असतो, सामान आणि स्वयंपाक हमाल सांभाळतात आणि पहाटे दोनच्या सुमारास माथ्याकडे निघतात. शेवटचा टप्पा सुट्या खडीचा. दोन पावले वर टाकावीत, तर एक खाली घसरते.

दमलेल्या सदस्याचा विचार करता रिंजानीची एक बाजू उजवी ठरते. विवराच्या कडेलाच थांबलेल्यालाही खाली सगारा अनाक सरोवर आणि त्यातला बारुजारी हा ज्वालामुखीचा शंकू दिसतो, आणि माथ्यावर गेलेले सोबती परत त्याच वाटेने तंबूपाशी येतात. योशिदावर चढण्याची आणि उतरण्याची वाट वेगळी असल्याने सातव्या टप्प्यावर मागे राहिलेल्याला उतरणारा गट भेटेलच असे नाही. शिवाय उतरताना आठव्या टप्प्याजवळ सुबाशिरीची वाट फुटते: पिवळ्या खुणा योशिदाच्या, तांबड्या सुबाशिरीच्या. गटातल्या प्रत्येकाने हे पाठ करावे, कारण चुकलेला माणूस डोंगराच्या भलत्याच बाजूला उतरतो.

हंगामाचा हिशेब सोलापूरच्या शाळांशी जुळवला, तर रिंजानी सोयीचा आहे. फुजी जुलैच्या सुरुवातीपासून साधारण 10 सप्टेंबरपर्यंतच खुला असतो आणि तेव्हा शाळा भरात असतात. रिंजानी जानेवारी ते मार्च पावसामुळे बंद राहतो, म्हणजे मे महिन्याची सुट्टी मोकळी सापडते. मे महिन्यात सोलापुरातल्या उकाड्यातून निघालेल्याला माथ्यावरची गोठवणारी पहाट कल्पनेत उतरत नाही. थर्मल, वाराप्रतिबंधक जाकीट आणि हातमोजे दोन्हीकडे लागतातच.

जोखीम दोन्हीकडे आहे. फुजीचा शेवटचा उद्रेक 1707 चा, तर बारुजारी 2016 मध्येही धुमसला होता. जुलै 2018 च्या भूकंपात रिंजानीवर शेकडो गिर्यारोहक अडकून पडले होते. 3700 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच राहतो, तेव्हा डोके दुखून उलटी होऊ लागली, तर खाली उतरणे हाच उपाय.

शाकाहारी मंडळींना फुजीच्या झोपड्यांत निवड फारशी नसते. रिंजानीवर आयोजकाला आधी सांगता येते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशवीत असलेली बरी, मात्र नेण्यापूर्वी त्या देशाचे खाद्यपदार्थांचे नियम पाहावेत.

पहिल्यांदाच जाणाऱ्या, वयाने मिश्र गटाला मी फुजी सुचवेन. सह्याद्रीत नियमित चालणाऱ्या लहान गटाला रिंजानी. आणि गुडघ्यांची खात्री नसेल, तर बालीतला 1717 मीटरचा बातूर एका पहाटेत होतो.