‘लॉकवुड अँड कंपनी’: पाचही पुस्तकं संपल्यावर पुन्हा पहिलं

जोनाथन स्ट्राउडची ही मालिका काही महिन्यांपूर्वी पूर्ण केली आणि आता पहिलं पुस्तक, २०१३ सालचं ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’, पुन्हा वाचलं. गुन्हेगार कोण हे ठाऊक असूनही ते हातातून सुटलं नाही.

यातल्या इंग्लंडमध्ये पन्नासेक वर्षांपासून मेलेली माणसं रात्री परत येतात. त्यांचा स्पर्श जिवावर बेततो. ती नीट दिसतात, ऐकू येतात फक्त मुलांना; वय वाढलं की ही शक्ती ओसरते. म्हणून मोठी माणसं अंधार पडताच दारं लावून घेतात आणि तलवार, मीठ, लोखंडी साखळ्या घेऊन झपाटलेल्या घरात शिरतात ती पोरं. पहिल्यांदा मला यात साहसच दिसलं. दुसऱ्यांदा मात्र गोष्ट सांगणारी लूसी कार्लाइल आपल्या आधीच्या नोकरीबद्दल सांगते तिथे अडखळले. एका गिरणीत तिच्यासोबतची मुलं मेली आणि त्यांच्यावर देखरेख करणारा माणूस बाहेरच राहिला. ती नंतर ज्या भुतं हटवणाऱ्या कंपनीत येते, त्या लॉकवुड नावाच्या मुलाच्या कंपनीत एकही मोठा माणूस का नाही, आणि लूसीला तिथेच का विसावा मिळतो, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

भुताला लोखंड चालत नाही, हे आपल्याकडेही घरोघरी ऐकलेलं. पण स्ट्राउड तेवढ्यावर थांबत नाही. प्रत्येक भुताचा एक स्रोत असतो: हाड, दागिना, एखादी वस्तू. तो शोधून चांदीने झाकायचा किंवा नष्ट करायचा. म्हणजे कोण मेलं, कुठे, कसं, हे खणून काढल्याशिवाय सुटका नाही, आणि इथेच भूतकथेची रहस्यकथा होते. भिंतीआड सापडलेली तरुणी आणि तिच्या गळ्यातला दागिना हा धागा फार सुरेख विणलाय. कंपनीतला तिसरा, जॉर्ज, जुनी वर्तमानपत्रं चाळतो ती पानं मला तलवारबाजीपेक्षा जास्त आवडली. बिस्किटं पाळीपाळीने घ्यायचा त्या तिघांचा नियमसुद्धा मनात घर करून राहतो.

खटकलेलंही आहे. पहिल्या पुस्तकातला खलनायक सराईत वाचकाला लवकर ओळखू येतो. तिसऱ्या भागात लूसी आणि कंपनीत नव्याने आलेल्या होलीमधली धुसफूस जरा ताणली आहे.

इंग्रजी सोपं आहे, शेवटी शब्दसूचीही आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना बिनधास्त द्या, फक्त लाल खोलीचं प्रकरण लहानग्यांना झोपताना वाचून दाखवू नका. नेटफ्लिक्सवर २०२३ मध्ये पहिल्या दोन पुस्तकांवर आठ भाग आले आणि मालिका तिथेच थांबली. पुस्तकांत मात्र गोष्ट २०१७च्या पाचव्या भागात नीट पूर्ण होते. क्रम मोडू नका, आणि पहिलं संपत आलं की दुसरं, ‘द व्हिस्परिंग स्कल’, मागवून ठेवा. बरणीतली ती बोलकी कवटी खऱ्या अर्थाने तिथे रंगात येते.