चौदा पौंडांचा बॉल, आठ महिने आणि कोरड्या लेन

पहिलंच सांगून टाकतो, मी घेतलेला बोलिंगचा (लेनवर घरंगळत सोडून दहा पिन पाडायचा) बॉल चांगला आहे. घेताना मी चुकलो. म्हणून ब्रँड आणि मॉडेलचं नाव लिहीत नाही. नाव वाचून कुणी तो टाळायला नको आणि उगाच घ्यायलाही नको.

मी राहतो सांगलीत, विश्रामबागला. कामामुळे महिन्यातले दोन-तीन शनिवार पुण्यात जातात आणि काम आटपलं की भाच्याबरोबर मॉलमधल्या लेनवर. तीन वर्षं रॅकवरचे, बोटांना कधीच नीट न बसणारे बॉल टाकले. गेममागे सरासरी स्कोअर ११५ ते १२०. मग रात्र रात्र व्हिडिओ बघून डोक्यात भरलं की आपली गाडी अडलीय ती बॉलमुळे. मिरजेतून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली, बंगळूरला जाऊन हाताचं माप दिलं आणि बॉल ड्रिल करून घेऊन आलो. बॉल, ड्रिलिंग, बॅग मिळून पंचवीसेक हजार गेले. घरी आणल्यावर आईने दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि विचारलं, "ह्याचा पाटा कुठाय?"

आता मी घेतलं काय ते सांगतो. वरचं आवरण रिअॅक्टिव्ह रेझिनचं (लेन पकडणारं), २००० नंबरच्या पेपरने घासल्यासारखं मंद, चमक नसलेलं फिनिश, आत असिमेट्रिक कोअर, म्हणजे बेढब आकाराचा गाभा, आणि डिफरेन्शियल, म्हणजे गाभा बॉलला किती वळवू शकतो त्याचा आकडा, ०.०५०. नियमाने ही मर्यादा ०.०६० आहे, म्हणजे जवळजवळ टोकाचाच. 'हेवी ऑइल'साठी, म्हणजे भरपूर तेल टाकलेल्या लेनसाठी, असं त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात एकच, जास्त वळतो तो जास्त भारी. जत्रेत सगळ्यात मोठ्या आवाजाची पिपाणी घेणाऱ्या पोराची अक्कल आणि माझी अक्कल सारखीच.

लेन फाऊल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नाही त्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. तेल टाकायच्या नेहमीच्या पद्धतीत (हाऊस पॅटर्न) त्यातल्या पहिल्या चाळीसेक फुटांवर तेल, मध्यभागी जास्त, कडेला कमी. बॉलने तेलावर घसरत जायचं, तेल संपलं की कोरडी लेन पकडायची आणि तिथून पॉकेटमध्ये, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पिनच्या मधे, वळायचं. मंद फिनिशचा बॉल खरखरीत असतो, तो लवकर पकडतो. तेल भरपूर असेल तर हीच त्याची खुबी. पण शनिवारी संध्याकाळी मॉलमध्ये मी पोचतो तेव्हा दुपारपासून चार वाढदिवस होऊन गेलेले असतात. तेल जागच्या जागी उरलेलं नसतं, आणि ज्या लेनवर तेलाचं मशीन फिरवायचाच कंटाळा, तिथे तर सुरुवातीलाच कोरडं. माझा बॉल पंधरा फुटांवर लेनवर आखलेल्या बाणांपाशीच वळायला लागायचा. पिनपर्यंत जाईतो त्यातला जोर संपलेला. एकतर पहिल्या पिनच्या नाकावर आदळून स्प्लिट (पिन एकमेकांपासून लांब उरणं), नाहीतर पार डावीकडे.

पहिले तीन शनिवार माझे स्कोअर ९८, १०४ आणि ९१. स्वतःचा बॉल घेऊन आधीपेक्षा खाली! भाचा दोन हातांनी टाकतो, ऑस्ट्रेलियन खेळाडू जेसन बेलमोंटेच्या धर्तीवर, आणि रॅकवरच्या बॉलने माझ्यापुढे तीस पिनांनी. तो म्हणाला, "मामा, तुमचा बॉल पोचायच्या आधीच दमतोय." राग आला, पण त्याने केलेलं निदान बरोबर होतं.

त्यानंतर मी जे केलं ते खरंतर खरेदीआधी करायचं. बॉलवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि भाच्याला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करायला लावलं, सेकंदाला २४० फ्रेम. पट्टीला एक पूर्ण चक्कर मारायला माझ्याकडे ५८ फ्रेम लागत होत्या, म्हणजे मिनिटाला साधारण २५० फेरे. ६० फूट जायला अडीच सेकंद, म्हणजे ताशी २६ किलोमीटर. मध्यम वेग, मध्यम फिरकी. भाच्याचे फेरे चारशेच्या वर. त्याच्या हातात माझा बॉल दिला असता तर तो बहुतेक शेजारच्या लेनकडेच निघाला असता. एवढी फिरकी असणाऱ्याला कोरड्या लेनवर सौम्य बॉल पुरतो. वेग जास्त आणि फिरकी कमी असेल, आणि तेलही भरपूर, तर माझ्या बॉलसारखा खरखरीत बॉल उपयोगाचा. मी या दोन्हींच्या मधला, आणि लेन कोरड्या. घ्यायला हवा होता साध्या सिमेट्रिक कोअरचा, चकचकीत फिनिशचा.

विकायचा तर सांगलीत घेणार कोण? आणि भोकं माझ्या बोटांच्या मापाची. तेव्हा आहे तोच सुधारायचा ठरवलं. मिरज रोडला ओळखीचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. तिथे बॉल बॅगेतून काढल्यावर पेंटरने हातातली फवारणीची गन खाली ठेवली आणि विचारलं, "दादा, तोफ कुठल्या किल्ल्यावर हाय?" आधी ३००० नंबरचा वॉटर पेपर, पाणी सोडत, हलक्या हाताने, बॉल सगळ्या बाजूंनी फिरवत. मग रबिंग कंपाउंड आणि बफ. मशीन एका जागी धरू दिलं नाही, कारण आवरण तापलं तर तडा जायची भीती. अर्ध्या तासात बॉलमध्ये गॅरेजची ट्यूबलाइट दिसायला लागली. पेंटरने पैसे घेतले नाहीत, चहावर भागलं.

त्या शनिवारी तीच लेन, तीच जागा, तोच हात. बॉल बाणांवरून सरळ गेला, चार-पाच फूट पुढे जाऊन वळला आणि पॉकेटमध्ये असा शिरला की दहाव्या पिनला उभं राहायला जागाच उरली नाही. १५२. कोअर तोच, भोकं तीच, बदलली ती फक्त वरची कातडी. बॉलच्या वागण्यात आवरणाचा वाटा सगळ्यात मोठा असं जाणकार म्हणतात, ते मला त्या दिवशी पटलं. कोअरचे आकडे तोंडपाठ करण्यात घालवलेल्या रात्री आठवून हसू आलं.

उलटा अनुभवही लिहितो, नाहीतर सगळे उठून पॉलिश करायला जातील. मे महिन्यात बंगळूरला गेलो होतो. सकाळी सकाळी, ताजं तेल पडलेल्या लेनवर हाच चकचकीत बॉल टाकला, तर ओल्या फरशीवरून साबणाची वडी जावी तसा सरळ गेला. वळलाच नाही. तिथे मूळचा मंद फिनिशच हवा होता. पुन्हा घासून मंद करता येतं, पण ते खेळ सुरू व्हायच्या आधी. स्पर्धेत मध्येच बॉल घासता येत नाही.

ड्रिलिंगबद्दल. फिंगरटिप पकड घेतली, म्हणजे मधलं बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच आत जाते. सवय व्हायला महिना गेला. जुन्या व्हिडिओंत काही बॉलना चौथं, तोल सांभाळायचं भोक दिसतं. ते मागायला जाऊ नका, १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने (अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेने) त्यावर बंदी घातली आहे. खरा त्रास अंगठ्याचा. सांगलीच्या उन्हातून जाऊन एसीत खेळलं की पहिल्या गेमला भोक ढिलं, तिसऱ्या गेमला अंगठा सुजून घट्ट. आत चिकटपट्टीचे एक-दोन थर लावायचे आणि लागेल तसे काढायचे, हा उपाय बंगळूरवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितला होता. मी तो अंगठ्याची साल निघाल्यावर ऐकला.

वजन चौदा पौंड, म्हणजे ६.३५ किलो. मर्यादा सोळाची आहे, आणि मी मर्दपणा म्हणून पंधराचा घ्यायच्या बेतात होतो. बरं झालं नाही घेतला. तिसऱ्या गेमला खांदा खाली यायला लागला की फिरकी आपोआप जाते, मग वरच्या एका पौंडाचा काय उपयोग?

रिअॅक्टिव्ह आवरण तेल पितं. पन्नास-साठ गेम झाले की पकड कमी होते. तेव्हा अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांवर चिकटपट्टी लावून बॉल बादलीत, हाताला सोसेल इतक्याच गरम पाण्यात, वर थोडा भांड्यांचा लिक्विड साबण. वीस मिनिटांनी बघा, पाण्यावर रश्शावरच्या तर्रीसारखी तेलाची वर्तुळं आलेली असतात. पहिल्यांदा केलं तेव्हा आईने ती बादली तीन वेळा राखेनं घासली आणि बॉलसाठी वेगळी जुनी बादली काढून दिली. एरवी प्रत्येक गेमनंतर मायक्रोफायबरचं फडकं, घरी आल्यावर मेडिकलमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक हात. एप्रिल-मेमध्ये बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका. आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो, डिकीत त्याहून वर. माझा एक दुपारभर राहिला होता, अंगठ्याच्या भोकाशी केसाएवढी रेघ आली आहे. अजून वाढलेली नाही, पण दर वेळी नजर तिथेच जाते.

आता थोडी मानहानी. गेल्या तीन महिन्यांत सरासरी १४० च्या पुढे गेली, आणि वाढलेल्या पिनांतले निम्मे तरी रॅकवरच्या फुकटच्या प्लॅस्टिक बॉलमुळे आले असतील. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा दहावा पिन एकटाच कोपऱ्यात राहतो. तिथे वळणारा बॉल नकोच, सरळ जाणारा हवा. हा प्लॅस्टिकचा, म्हणजे पॉलिएस्टरचा, बॉल तेल पीत नाही आणि फारसा वळत नाही, म्हणून स्पेअरला, म्हणजे पहिल्या फेकीत उरलेले पिन पाडायला, तोच उत्तम. आता मी पहिला बॉल माझा टाकतो, स्पेअरला रॅकवरचा. काउंटरवरचा पोरगा विचारतो, "काका, तुमचा असताना आमचा कशाला?"

हाच पुन्हा घेईन का? नाही. चकचकीत, सिमेट्रिक, मधल्या ताकदीचा घेईन, आणि तोही पट्टी लावून, शूटिंग करून, ज्या लेनवर खेळणार तिथे शनिवारची संध्याकाळ बघून. ताज्या तेलाच्या लेनवर, लीगमध्ये नियमित खेळणाऱ्याला मात्र माझा हा बॉल सोनं वाटेल.

भाच्याला आता युरेथेनच्या आवरणाचा बॉल हवाय. त्याला म्हटलं, चारशे फेऱ्यांच्या हाताला रिअॅक्टिव्हपेक्षा तो शांत पडेल, पण आधी अंगठ्याशिवाय टाकायचं की अंगठा घालून हे पक्कं ठरव, भोकं त्यावर ठरतात. त्याने "हो मामा" लिहिलं आणि त्याच मिनिटाला तीन लिंक पाठवल्या. तिन्ही 'हेवी ऑइल'च्या.