काचेची खोली: काम एकाच काँट्रॅक्टरला द्यावं की वेगवेगळे कारागीर लावावेत?

मुलुंडला आम्ही बाल्कनी काचेने बंद करून आईला उन्हात बसायला खोली केली, तेव्हा गवंडी, फॅब्रिकेटर (अॅल्युमिनियमची चौकट करून काच बसवणारा) आणि वायरमन असे तिघे वेगवेगळे लावले होते. वर्षभराने बहिणीने चारकोपच्या रो-हाउसच्या गच्चीवर तशीच खोली केली, पण सगळं काम मटेरियलसह एकाच काँट्रॅक्टरकडे सोपवलं. दोन्ही कामांवर मी जवळजवळ रोज उभी होते. आता नात्यातलं कुणी ना कुणी विचारतं, म्हणून जे पाहिलं ते लिहिते.

आधी पैशांचं. वेगवेगळे कारागीर लावले की स्वस्त पडतं. वायर आणि स्विच लोहार चाळीतून, स्क्रू-बिजागऱ्या नागदेवीतून, म्हणजे मुंबईतल्या या दोन बाजारांतून, आपण स्वतः आणतो, प्रत्येक बिल आपल्या हातात राहतं. काँट्रॅक्टर या सगळ्यावर आपला नफा लावतो, आणि त्यात गैर काही नाही. ते जबाबदारीचे पैसे असतात. तो ती जबाबदारी घेतो का, हे मात्र बघावं लागतं.

आमच्या कामात ती कुणाचीच नव्हती. फॅब्रिकेटर माप घेऊन गेला, टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेची ऑर्डर दिली गेली. मग गवंड्याने कठड्यावर ग्रॅनाइटची पट्टी बसवली आणि उंची पाऊण इंचाने कमी झाली. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, कापायला गेलं तर तिचा चुरा होतो. तीन काचा फुकट गेल्या. फॅब्रिकेटर म्हणाला, "ताई, मी घेतलं त्या मापाचीच काच आहे." गवंडी म्हणाला, "पट्टी लावा असं तुम्हीच सांगितलंत." दोघांचंही खरं होतं. नव्या काचांचे पैसे आम्ही भरले.

म्हणून वेगवेगळे कारागीर लावणार असाल तर हा क्रम अजिबात मोडू नका: तोडफोड, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, लादी, कठडा, आणि हे सगळं झाल्यावर काचेचं माप. माप घेताना गवंड्यालाही समोर उभं करा आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या.

बहिणीकडेही एका खिडकीचं माप चुकलं होतं. काँट्रॅक्टरने स्वतःच्या खर्चाने काच बदलून आणली, तिला एक फोनही करावा लागला नाही. या बाबतीत एकहाती काम निर्विवाद चांगलं. पण आत काय बसवलं जातंय ते दिसत नाही, ही त्याची दुसरी बाजू. तिच्या क्वोटेशनमध्ये नुसतं "अॅल्युमिनियम, काच, सिलिकॉन" (सांधे बुजवायचा मसाला) एवढंच लिहिलेलं होतं. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं. मुंबईत पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि काचेच्या खोलीत पाणी शिरतं ते बहुतेक वेळा चौकट भिंतीला टेकते त्या सांध्यातून. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते स्वस्त सिलिकॉन काँट्रॅक्टरने तिथे भरलं होतं. ते सिमेंटला नीट धरत नाही. बाहेरच्या सांध्याला तसा वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉन लागतं. तो परत आला, सगळं खरवडून नवं भरून दिलं. पण तो आला, कारण त्याच्या बिलाचे दहा टक्के बहिणीकडे अडकले होते.

काँट्रॅक्टर एक असो वा तीन, कागदावर हे हवंच: अॅल्युमिनियम सेक्शनची (चौकटीच्या पट्ट्यांची) जाडी, काचेची जाडी आणि तिच्या कोपऱ्यावरचा टफनचा शिक्का, सिलिकॉनचा प्रकार, आणि खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी निघून जायची भोकं. पैसे बँकेतूनच द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अशी सेवा येते, पण दाद मागायला पावती लागते.

परवानगीच्या बाबतीत दोन्ही मार्ग सारखेच. "सगळेच करतात हो ताई" हे मी दोन्हीकडे ऐकलं. पण बेकायदा बांधकामाची नोटीस, मग ती मुंबई महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३५१ खाली असो की एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ खाली, घरमालकाच्या दारात येते. काँट्रॅक्टर तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. आधी आर्किटेक्ट, सोसायटीची एनओसी, महापालिका, आणि मगच अॅडव्हान्स.

काचेची ने-आण कोण करणार, हेही आधीच ठरवा. ६ मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला १५ किलो भरते, आणि मोठं पान लिफ्टमध्ये मावत नाही. आमच्या सातव्या मजल्यापर्यंत ती जिन्याने चढली. चढवण्याची मजुरी दरात धरलेली नव्हती, आणि त्यावरून झालेला वाद मला अजून आठवतो.

माझं मत विचाराल तर, नुसती बाल्कनी असेल, छत आणि लादी तशीच राहणार असेल आणि दिवसा घरी कुणीतरी असेल, तर थेट चांगला फॅब्रिकेटर गाठा. गच्चीवर छत घालायचं असेल, वॉटरप्रूफिंग करायचं असेल किंवा घरातली दोघंही सकाळची लोकल पकडणारी असतील, तर एकच काँट्रॅक्टर घ्या, पण दहा टक्के हातात ठेवून. ते पैसे कधी सोडायचे याची तारीख करारात लिहा. बहिणीने लिहिलं होतं, "१५ जुलैनंतर, मोठा पाऊस झाल्यावर." काम डिसेंबरात संपलं तर कुणी इतकं थांबायला तयार होत नाही. मग त्या दहा टक्क्यांतले निम्मे पैसे पावसापर्यंत ठेवा आणि उरलेले देण्याआधी बाहेरून प्रत्येक सांध्यावर अर्धा तास पाइपने पाणी मारायला लावा. त्या वेळी काँट्रॅक्टरला आपल्याबरोबर खोलीच्या आत उभं करा.