जुन्या पीसीवर लिनक्स: डीव्हीडी की पेनड्राइव्ह?

फोंडा-डिचोलीकडे माळ्यावर अजून एखादा पेंटियम-४ (जुन्या प्रोसेसरचा पीसी) सापडतो. त्यातले बरेचसे पेनड्राइव्हवरून बूटच (सुरूच) होत नाहीत. तिथे डिस्कशिवाय गत्यंतर नाही. पण आपल्या पावसाळ्यात साठवलेल्या डिस्कवर बुरशी धरते, ड्राइव्हच्या लेन्सवर धूळ बसते आणि इन्स्टॉल निम्म्यावर अडकतं. म्हणून डिस्क नवी कोरीच घ्या, कमी वेगात राइट करा, मग व्हेरिफाय (नीट लिहिलं गेलंय का ते तपासा).

उबुंटू या लिनक्सच्या फुकट सीडी पोस्टाने घरी यायच्या (काय दिवस होते!), ते २०११ मध्ये बंद झालं. आता त्याची आयएसओ (डिस्कवर राइट करायची इन्स्टॉलची फाइल) ४.७ जीबीच्या डीव्हीडीत मावतही नाही. ३२-बिट (जुन्या प्रोसेसरच्या) मशीनला डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या आवृत्ती १२ची नेटइन्स्ट (छोटी आयएसओ, बाकीचं इंटरनेटवरून उतरवते) बरी. १३मध्ये ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलरच नाही.

यूएसबी बूट होत असेल, तर मात्र सरळ पेनड्राइव्ह. पुसून पुन्हा वापरता येतो.