उंचीच्या नावाखाली दडवलेला आजार

वाढत्या वयाच्या मुलांची उंची पावडर, कॅप्सूल आणि 'वैयक्तिक मार्गदर्शन' यांच्या जोरावर वाढवून देण्याचा जो व्यवसाय सध्या फोनवरून घरोघरी पोहोचला आहे, त्याने आमच्या मुलीच्या बाबतीत काय केले ते मी येथे तपशीलवार लिहीत आहे. पैसे गेले ते गेले. परंतु त्याच काळात तिच्या शरीरात एक आजार बळावत होता आणि त्याची प्रत्येक खूण या लोकांनी आम्हाला आपल्या औषधाचा गुण म्हणून दाखवली. ज्यांच्या घरात आज असाच एखादा डबा उघडलेला आहे, त्यांनी हे पूर्ण वाचावे अशी माझी विनंती आहे.

मुलगी बारा वर्षांची आहे. नऊ वर्षांची होईपर्यंत ती वर्गात मध्यम उंचीची होती. त्यानंतर मैत्रिणी भराभर उंच होत गेल्या आणि ती मागे पडली. दोन वर्षांपूर्वी शिवलेला गणवेश तिला लांबीला अजून पुरत होता. 'मोफत वाढ-तपासणी' अशी एक जाहिरात फोनवर येत असे. तीत मुलीचे वय, आईवडिलांची उंची, वजन आणि पाळी सुरू झाली आहे का, हे भरून द्यायचे होते. ते भरताच एका 'आरोग्य सल्लागारा'चा फोन आला. डाव्या मनगटाचा आणि पंजाचा एक्स-रे काढून त्याचा फोटो पाठवा, असे त्याने सांगितले, आणि पुढच्या व्हिडिओ कॉलवर पांढरा कोट घातलेली एक व्यक्ती समोर आली. तिने त्या एक्स-रेवर लाल रंगाने गोल काढले आणि म्हटले, "ही फट दिसते ना मॅडम, ती बुजत चालली आहे. फार तर सहा महिने हातात आहेत. पाळी आली की सगळे संपले."

या बोलण्यात खरे किती आणि खोटे किती, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण सारी फसवणूक त्या मिश्रणावरच उभी असते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात, आणि हाड तेथूनच लांबीला वाढते. वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने तो थर हळूहळू हाडात रूपांतरित होतो आणि वाढ थांबते. मुलग्यांमध्येही हे काम इस्ट्रोजेनच करते. मुलींची सर्वांत वेगवान वाढ पाळी येण्यापूर्वी होते, हेही खरे. मात्र पाळी आल्यावर वाढ त्याच दिवशी थांबत नाही. साधारणपणे आणखी ५ ते ७ सेंटीमीटर उंची त्यानंतर वाढते. आणि कोणतीही पावडर ग्रोथ प्लेट उघडी ठेवू शकत नाही किंवा बंद झालेली पुन्हा उघडू शकत नाही. आम्हाला पहिला भाग शास्त्रीय भाषेत सांगितला गेला, दुसरा वगळला गेला, आणि तिसऱ्याच्या जागी विक्रीची मुदत ठेवली गेली.

पावडर आणि कॅप्सूलचा त्यांचा कोर्स सुरू झाला. उंची मोजण्याची पद्धत त्यांनीच ठरवून दिली होती. पहिले माप त्यांच्या सल्लागाराने संध्याकाळी, शाळा आणि खेळ आटोपून मुलगी घरी आल्यावर, व्हिडिओ कॉलवर घ्यायला लावले. महिन्यानंतरचे माप मात्र सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर घ्यायचे होते. सव्वा सेंटीमीटर उंची वाढलेली दिसली आणि कोर्स घेणाऱ्या पालकांच्या त्यांच्या गटात आमचे अभिनंदन झाले. दिवसभर उभे राहिल्याने पाठीच्या मणक्यांमधील चकत्या दबतात आणि रात्रभर आडवे झाल्यावर त्या पुन्हा फुगतात. त्यामुळे कोणाचीही उंची सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर, कधी थोडी अधिकही, भरते. ही गोष्ट ज्यांना माहीत असते तेच मोजण्याच्या वेळा अशा निवडतात. म्हणून मी याला अज्ञान म्हणणार नाही. यामागे योजना होती.

दरम्यान मुलगी सुस्त होत चालली होती. शाळेतून आली की झोपत असे. पंखा लावला की तिला थंडी वाजे, बद्धकोष्ठाची तक्रार रोजची झाली होती, त्वचा कोरडी पडली होती आणि उंची वाढत नसताना वजन वाढत होते. मी यातली प्रत्येक गोष्ट त्यांना लिहून कळवली. उत्तरे माझ्याकडे अजून जपून ठेवलेली आहेत: झोप येते कारण वाढ झोपेतच होते, वजन वाढते कारण शरीर पोषण धरून ठेवत आहे, पोट साफ होत नाही कारण विषद्रव्ये सुटत आहेत. एकदाही "डॉक्टरांना दाखवा" असे कोणी म्हटले नाही. मला सर्वांत जास्त संताप याचा येतो. पैशासाठी खोटी आशा दाखवणे वाईटच. पण आजारी मुलाची लक्षणे कानावर आल्यानंतर त्यांना सुधारणेचे नाव देणे याला माझ्या मते क्षमा नाही.

त्यानंतर त्यांनी पुढचा टप्पा म्हणून जिभेखाली मारण्याचा 'ग्रोथ हार्मोन स्प्रे' सुचवला. तो आम्ही घेतला नाही, तरीही त्याविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण अनेक घरांत तो पोहोचलेला असणार. ग्रोथ हार्मोन हे १९१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. तोंडावाटे घेतले तर ते पोटात इतर प्रथिनांसारखेच पचून जाते, आणि एवढा मोठा रेणू जिभेखालून रक्तात उपयोगी पडेल इतका शोषलाही जात नाही. खरे औषध इंजेक्शननेच द्यावे लागते. ते १९८५ पासून प्रयोगशाळेत तयार होते. त्यापूर्वी ते मृतांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथींपासून काढले जात असे आणि त्यातून काही रुग्णांना मेंदूचा एक प्राणघातक आजार जडल्याचे उघड झाल्यावर ती पद्धत बंद करण्यात आली. ज्या मुलांमध्ये या संप्रेरकाची कमतरता चाचणीने सिद्ध होते, किंवा टर्नर सिंड्रोमसारखी (मुलींमधील एक जन्मजात गुणसूत्रदोष) ठराविक कारणे असतात, त्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ही इंजेक्शने वर्षानुवर्षे देतात. निरोगी पण बुटक्या मुलांना ती देऊनही अनेक वर्षांच्या उपचारांनंतर काही सेंटीमीटरचाच फरक पडतो. ज्या औषधासाठी एवढी काळजी घ्यावी लागते, ते फवाऱ्यातून विकणारा माणूस एकतर त्यात काहीच घालत नाही किंवा काय घातले आहे ते सांगत नाही. दुसरी शक्यता अधिक भयंकर आहे. पुरुषी संप्रेरकासारखी द्रव्ये मिसळली तर मुलाची उंची सुरुवातीला खरोखरच झपाट्याने वाढते, आईवडील समाधानी होतात, आणि ग्रोथ प्लेट वेळेआधी बंद होऊन अंतिम उंची उलट कमी राहते. स्टेरॉइड मिसळले तर भूक आणि वजन वाढते, उंचीची वाढ मात्र मंदावते.

आमचा प्रकार उघडकीस आला तो एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या लसीमुळे. लस देण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिची उंची भिंतीला पक्क्या बसवलेल्या मापकावर घेतली आणि विचारले, "जुनी मापे आहेत का?" लसीकरणाच्या कार्डावर आणि शाळेच्या आरोग्यपत्रकात ती होती. बाईंनी ती एकेक करून वाढीच्या तक्त्यावर, म्हणजे वयानुसार उंचीच्या रेषा आखलेल्या आलेखावर, मांडली. नऊ वर्षांपर्यंतचे ठिपके मधल्या रेषेला धरून चालले होते. त्यानंतर ते एकामागून एक रेषा ओलांडत खाली उतरत होते. त्यांनी तिच्या गळ्यावरून हात फिरवला, गुडघ्यावर हातोडीने हलका ठोका देऊन पाय किती सावकाश परत येतो ते पाहिले आणि तिलाच विचारले, "तुला थंडी जास्त वाजते का गं? दमायला होते का?" मुलीने मान हलवली. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता.

मग त्यांनी कोर्सचा डबा मागवून घेतला. कॅप्सूलच्या लेबलावर केस आणि नखांसाठी म्हणून बायोटिन या ब गटातील जीवनसत्त्वाची मोठी मात्रा छापलेली होती. मोठ्या मात्रेतील बायोटिन रक्ततपासणीच्या काही पद्धतींत थायरॉइडचे आकडे चुकीचे दाखवते. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक; ग्रंथी मंदावली की ते वाढते) प्रत्यक्षापेक्षा कमी आणि थायरॉइड संप्रेरक प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते, म्हणजे मंदावलेली ग्रंथी कागदावर ठीकठाक भासू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचनाही दिली होती. बाईंनी सर्व काही बंद करायला लावले आणि काही दिवस जाऊ देऊन रक्त तपासले. टीएसएच मर्यादेच्या कित्येक पट वर होते आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडेही आढळली. हा हाशिमोतो थायरॉइडायटिस. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यचिकित्सकाने त्याचे वर्णन १९१२ मध्ये केले होते. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते. शाळकरी आणि किशोरवयीन मुलांत थायरॉइड मंदावण्याचे हे नेहमी आढळणारे कारण आहे, आणि पुष्कळदा त्याची पहिली खूण उंची खुंटणे हीच असते. अभ्यासात फरक पडत नाही म्हणून घरच्यांना शंकाही येत नाही.

बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे गेल्यावर त्यांनी तोच एक्स-रे मागितला. ग्रॉयलिख आणि पाइल यांच्या प्रमाणित चित्रांशी तो ताडून त्यांनी सांगितले की, मुलीच्या हाडांचे वय, म्हणजे हाडांच्या विकासावरून ठरणारे वय, जेमतेम साडेनऊ वर्षे आहे आणि ग्रोथ प्लेट चांगल्या उघड्या आहेत. ज्या फटींवर लाल गोल काढून "बुजत चालल्या आहेत" असे आम्हाला घाबरवले होते, त्या वयाच्या मानाने जास्तच रुंद होत्या. तो एक्स-रे वाचता येणाऱ्याने त्याच दिवशी 'हाडे एवढी मागे का राहिली?' असा प्रश्न विचारला असता आणि उत्तर एका साध्या रक्ततपासणीत मिळाले असते. कोर्स विकणाऱ्यांनी एकतर तो वाचलाच नाही किंवा वाचून खोटे सांगितले.

आता ती रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. लोह आणि कॅल्शियम या गोळीचे शोषण रोखतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे लागते. त्या पावडरीत ही दोन्ही भरपूर होती. उंची पुन्हा वाढू लागली आहे, थंडी वाजणे थांबले आहे आणि ती संध्याकाळी खेळायला जाते. तरीही तज्ज्ञांनी स्पष्टपणे सांगितले आहे की, थायरॉइडची कमतरता जितकी जास्त काळ उपचाराविना राहते तितकी मागे पडलेली सगळी उंची भरून निघण्याची शक्यता कमी होते, कारण उपचार सुरू झाल्यावर हाडांचे वयही वेगाने पुढे सरकते. कोर्सच्या काळात वाया गेलेल्या महिन्यांची किंमत किती, हे तिची वाढ पूर्ण झाल्यावरच कळेल.

पैसे परत मागितले तेव्हा 'हमखास परतावा' या शब्दांखालची अट पुढे आली: प्रत्येक डोस घेतानाचा मुलीचा फोटो पाठवलेला असला पाहिजे. एकही राहिला असेल तर हमी रद्द. आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यावी. भिंतीशी उभे करून समोरून आणि बाजूने काढलेले मुलीचे फोटो, तिच्या पाळीची माहिती आणि शाळेची वेळ हे सर्व त्यांच्याकडे आहे. ते पुसून टाकावे या माझ्या मागणीला आजपर्यंत उत्तर आलेले नाही.

त्यांच्या गटात इतर पालकांचे समाधानाचे संदेश येत असत, आणि त्यांतले काही खरेही असतील. बुटकी दिसणारी बहुतेक मुले निरोगी असतात. काहींचे आईवडीलच ठेंगणे असतात, काही उशिरा वयात येतात आणि नंतर आपोआप उंच होतात. वयात येताना मुलगे वर्षाला ९ ते १० सेंटीमीटरपर्यंत वाढतात. त्या काळात पावडर घेणाऱ्याची उंची वाढणारच, न घेणाऱ्याचीही वाढणार. पिकत आलेल्या शेतात शिरून पीक आपण आणले म्हणून सांगावे, तसा हा प्रकार आहे. आणि ज्याच्या शेताला कीड लागली आहे, त्याला ती कीड दिसू द्यायची नाही.

म्हणून एका मापावर कोणाचेही ऐकू नये. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते. हा वेग ४ सेंटीमीटरच्या खाली गेला, किंवा मूल आपली नेहमीची रेषा सोडून खाली उतरू लागले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते पाच वर्षांखालील मुलांसाठी २००६ मध्ये आणि पाच ते एकोणीस वर्षांसाठी २००७ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते कोणालाही विनामूल्य मिळतात. माप दर सहा महिन्यांनी, त्याच वेळी, त्याच मापकावर घ्यावे. आठवड्याच्या मापात चूकच जास्त असते. कमी वाढीमागे थायरॉइड असू शकते, गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार असू शकतो, मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा जुना विकार असू शकतो, मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम असू शकतो. स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागून वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत पाहावा. आम्हाला दिलेला क्रमांक तेथे सापडला नाही.

ज्यांचा कोर्स सध्या चालू आहे त्यांनी डबा फेकून देऊ नये. लेबलासह तो डॉक्टरांना दाखवावा आणि मुलाला कोणतेही हार्मोन दिले गेल्याची शंका असल्यास, ते एकदम बंद करावे की कसे, हे आधी विचारावे. काही स्टेरॉइड अचानक थांबवणे धोक्याचे ठरते. संदेश, पावत्या आणि कॉलच्या नोंदी जपून ठेवाव्यात. आम्ही एक न उघडलेला डबा, लाल गोल काढलेला एक्स-रे आणि त्याच एक्स-रेवरचा तज्ज्ञांचा लेखी अहवाल औषध नियंत्रण यंत्रणेकडे केलेल्या तक्रारीला जोडला आहे, आणि मुलीच्या फोटोंसंबंधीची तक्रार पोलिसांकडे स्वतंत्रपणे दिली आहे. त्या संस्थेची जाहिरात आता नव्या नावाने येते. प्रश्नावली मात्र तीच आहे.